रिपोर्टवर ‘सिकलसेल ट्रेट’ लिहिलंय की ‘सिकलसेल डिसीज’? पहिल्यांदाच कागद हातात आलेल्यांसाठी

अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, शहादा, नवापूर, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल. सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या कडेला राहणाऱ्या आपल्या लोकांची सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक दोषाची तपासणी आता गावोगाव होते. आश्रमशाळेत होते, गरोदर बाईच्या पहिल्या तपासणीत होते, कधी बाजाराच्या दिवशी लागलेल्या शिबिरात होते. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घेतात, काही दिवसांनी कागद येतो. कागद इंग्रजीत असतो, त्यावर महत्त्वाचा शब्द एखादाच असतो, आणि घाईगर्दीत नेमका तोच समजावून सांगायचा राहतो.

मी आश्रमशाळेत शिकवते. मी स्वतः ट्रेट, म्हणजे नुसती वाहक आहे, माझे यजमानही ट्रेट आहेत, मोठी मुलगी पूर्ण निरोगी आहे आणि धाकट्या मुलाला डिसीज आहे. तिन्ही प्रकारचे रिपोर्ट आमच्या एकाच फाईलमध्ये आहेत. म्हणून ‘पोऱ्याले सिकल निघना’ (पोराला सिकल निघालं) असं सांगत कुणी दारात आलं की मी रडणं थांबेपर्यंत पाणी देते आणि मग आधी कागद मागते. कारण ‘सिकल निघना’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. एका शब्दाच्या फरकाने कुणाला आयुष्यभर औषध लागतं, तर कुणाला एकही गोळी लागत नाही.

मी डॉक्टर नाही. गोळी कोणती आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. कागद कसा वाचायचा, पुढे कुठे जायचं आणि काय विचारायचं, एवढं मी सांगते.

बसण्याआधी हे जवळ घ्या:

- मूळ रिपोर्ट (मोबाईलमधला फोटो असेल तर टक्क्यांचे आकडे स्पष्ट दिसतील असा)
- शिबिरात किंवा शाळेत मिळालेलं सिकलसेल कार्ड, असल्यास
- आधीचे केस पेपर आणि डिस्चार्ज कार्ड
- रक्त कधी चढवलं होतं त्याची तारीख
- आई, वडील, भावंडं यांचे रिपोर्ट झाले असतील तर तेही

## १. तपासणी कोणती झाली, ते आधी पाहा

रिपोर्टच्या वरच्या भागात तपासणीचं नाव असतं. तिथे ‘सोल्युबिलिटी’ किंवा ‘सिकलिंग टेस्ट’ असेल, तर ती फक्त पहिली चाळणी आहे. रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झालं की ‘पॉझिटिव्ह’, आरपार दिसलं की ‘निगेटिव्ह’. रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे, एवढंच ही तपासणी सांगते. ते अर्धं आहे की पूर्ण, हे तिला सांगता येत नाही. ट्रेटचं द्रावणही गढूळ होतं आणि डिसीजचंही.

त्यामुळे नुसत्या ‘पॉझिटिव्ह’वर घरात रडारड करू नका, लग्न मोडू नका, आणि ‘काही नसतं हो त्यात’ म्हणून कागद फेकूनही देऊ नका. पुढची तपासणी करून घ्या. ती दोन प्रकारांनी होते: इलेक्ट्रोफोरेसिस आणि एचपीएलसी. पहिलीत विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे होऊन पट्टे दिसतात. दुसरीत यंत्र प्रत्येक प्रकाराचा टक्का काढून आलेख छापतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात घेतलेला नमुना या तपासणीसाठी पुढे पाठवतात. निकालाला वेळ लागतो, म्हणून नमुना दिला त्या दिवशीचा नोंद क्रमांक लिहून घ्या. आशाताईला नुसतं ‘रिपोर्ट आला का’ विचारण्यापेक्षा तो क्रमांक सांगून विचारलं तर कागद सापडतो.

आता काही ठिकाणी अशी किट आली आहेत की त्यांवर थोड्याच वेळात प्रकार कळतो. सोय मोठी आहे. तरीही किटवर डिसीज दिसला तर एचपीएलसीने पक्कं केल्याशिवाय थांबू नका.

इथे तीन ठिकाणी फसगत होते.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर सोल्युबिलिटी ‘निगेटिव्ह’ आली तरी विश्वास ठेवू नका. तान्ह्या बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं आणि सिकलचं त्याआड लपतं. म्हणूनच आजाराची लक्षणंही साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यानंतरच दिसू लागतात. बाळाच्या आईवडिलांपैकी कुणी पॉझिटिव्ह असेल तर एचपीएलसीच मागा.

हिमोग्लोबिन फार कमी असेल तरी सोल्युबिलिटी खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर कोणतीच तपासणी खरी धरू नका. चढवलेलं रक्त दुसऱ्याचं, त्यातलं हिमोग्लोबिन चांगलं. ते मिसळल्यामुळे डिसीज असलेल्या मुलाचा रिपोर्ट ट्रेटसारखा दिसतो. आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या बाबतीत असंच झालं. सुट्टीत गावाकडे तिला रक्त चढवलं होतं, शाळेत आल्यावर लगेच तपासणी झाली, कागदावर ‘ट्रेट’ आलं. पालक निश्चिंत झाले आणि मुलगी सांधे धरून रडतच राहिली. नमुना देतानाच ‘अमुक महिन्यात रक्त चढवलं आहे’ असं सांगा आणि अर्जावर लिहायला लावा. शक्य असेल तर तीन महिने थांबून तपासणी करा. थांबणं शक्य नसेल तर डॉक्टर आईवडिलांची तपासणी करून अंदाज घेतात.

## २. शेवटच्या ओळी वाचा: शब्द कोणता आहे?

रिपोर्टच्या तळाशी ‘इम्प्रेशन’, ‘इंटरप्रिटेशन’ किंवा ‘कमेंट’ असं लिहून त्याखाली एक-दोन ओळी असतात. निकाल तिथे असतो. पण प्रत्येक प्रयोगशाळा एकच गोष्ट वेगळ्या शब्दांत लिहिते, आणि गोंधळ नेमका त्यातून होतो.

शब्दांकडे जाण्याआधी मागचं कारण थोडक्यात समजून घ्या, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. रक्ताच्या लाल पेशीत हिमोग्लोबिन असतं. नेहमीच्या हिमोग्लोबिनला ‘ए’ म्हणतात. ते कसं बनवायचं याची सूचना आपल्याला दोन ठिकाणांहून मिळते, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. या सूचनेत एका ठिकाणी बदल झाला की ‘एस’ हिमोग्लोबिन तयार होतं. एस म्हणजे सिकल, विळा. ‘एस’ने भरलेल्या पेशीला प्राणवायू कमी पडला की ती विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि तिथे ठणका लागतो. नेहमीची लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही आणि डोळे पिवळे दिसतात.

दोन्हीकडून ‘ए’ आला तर एए, म्हणजे सिकलसेल नाही. एकाकडून ‘ए’ आणि दुसऱ्याकडून ‘एस’ आला तर एएस, म्हणजे ट्रेट. दोघांकडून ‘एस’च आला तर एसएस, म्हणजे डिसीज.

आता कागदावर काय काय दिसू शकतं ते पाहा.

हे सगळे शब्द म्हणजे ट्रेट: सिकलसेल ट्रेट, सिकलसेल कॅरिअर, हेटेरोझायगस, एएस पॅटर्न, एससीटी. आपल्या आरोग्य खात्याच्या मराठी कागदांवर याला ‘वाहक’ म्हणतात. ‘हेटेरो’ म्हणजे दोन सूचना वेगवेगळ्या, एक चांगली आणि एक सिकलची. शब्दकोशात ट्रेटचा अर्थ ‘स्वभावगुण’ असा सापडतो. त्यावर जाऊ नका. रक्ताच्या रिपोर्टवर त्याचा अर्थ ‘एकाच पालकाकडून एस आला’ एवढाच.

हे सगळे शब्द म्हणजे डिसीज: सिकलसेल डिसीज, सिकलसेल ॲनिमिया, होमोझायगस, एसएस पॅटर्न, एससीडी, एससीए. मराठी कागदांवर ‘ग्रस्त’ किंवा ‘रुग्ण’. ‘होमो’ म्हणजे दोन्ही सूचना सारख्याच, दोन्ही सिकलच्या.

एससीटी आणि एससीडी यांत शेवटच्या अक्षराचाच फरक आहे, ‘टी’ की ‘डी’. हाताने लिहिलेल्या कार्डावर ही दोन अक्षरं सारखी दिसतात. शंका आली तर अंदाज करू नका. ‘एएस आहे की एसएस?’ एवढाच प्रश्न विचारा. याचं उत्तर गोलमोल देता येत नाही.

तिसरा एक गट आहे आणि तो सहज नजरेतून सुटतो: डबल हेटेरोझायगस, कंपाउंड हेटेरोझायगस, सिकल-बीटा थॅलेसेमिया, एस-डी. इथे एका पालकाकडून ‘एस’ आला आणि दुसऱ्याकडून दुसराच बिघाड आला. कागदावर ‘हेटेरोझायगस’ दिसलं की लोक ते ट्रेट समजतात. त्याआधी ‘डबल’ किंवा ‘कंपाउंड’ आहे का, ते बघा. असेल तर ते ट्रेट नव्हे. एसएससारखाच त्रास यातही होऊ शकतो आणि डॉक्टर त्याला सिकलसेल डिसीजमध्येच धरतात.

‘ॲडव्हाइज फॅमिली स्क्रीनिंग’ किंवा ‘पेरेंटल स्टडी’ लिहिलं असेल तर आईवडिलांची आणि भावंडांची तपासणी करा, असा अर्थ. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ लिहिलं असेल तर हा कागद रुग्णासोबत डॉक्टरांना दाखवा, लक्षणं पाहून ते ठरवतील, असा अर्थ. हे वाचून घाबरण्याचं काही कारण नाही. ती ओळ पुष्कळ रिपोर्टवर असते.

## ३. टक्के पाहा, पण निकाल स्वतः देऊ नका

एचपीएलसीच्या कागदावर ए, ए-२, एफ आणि एस अशी नावं आणि त्यांपुढे टक्के असतात. काही यंत्रांच्या छापील कागदावर ‘एस’ ऐवजी ‘एस-विंडो’ लिहिलेलं असतं, तो तोच आकडा.

ट्रेटमध्ये ‘ए’चा आकडा ‘एस’पेक्षा मोठा असतो. ‘एस’ साधारण ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास असतो, कधी त्याहूनही कमी. डिसीजमध्ये (एसएस) ‘ए’ जवळजवळ नसतोच, ‘एस’ सगळ्यांत मोठा असतो आणि उरलेल्यात ‘एफ’ दिसतो. हा ‘एफ’ म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन. तो जास्त असणं चांगलं, कारण तो पेशीला वाकडी होण्यापासून वाचवतो. ‘ए’ थोडा, ‘एस’ त्याहून जास्त आणि ‘ए-२’ वाढलेला असं दिसलं तर सिकल-बीटा थॅलेसेमियाची शंका घेतात.

एवढं कळलं की खालची ओळ आणि वरचे आकडे जुळतात का, हे तुम्हाला ताडता येतं. जुळत नसतील तर कागद परत न्या आणि विचारा. नाव, वय, नोंद क्रमांकही त्याच वेळी तपासा. शिबिरात एकाच आडनावाची, एकाच नावाची चार मुलं असतात आणि कागद अदलाबदल होतात. आमच्याकडे वसावे आणि पावरा आडनावाची मुलं इतकी आहेत की वडिलांचं नाव आणि पाड्याचं नाव पाहिल्याशिवाय मी रिपोर्ट कुणाच्या हातात देत नाही.

## ४. ट्रेट असेल तर

औषध लागत नाही. ट्रेट हा आजार नाही, तो पुढे वाढून डिसीजही होत नाही. आज एएस असलेली व्यक्ती आयुष्यभर एएसच राहते. शाळा, शेती, खेळ, नोकरी, बाळंतपण सगळं इतरांसारखं. मलेरियाच्या गंभीर प्रकारापासून ट्रेटवाल्यांना थोडं संरक्षणही मिळतं. मलेरियाच्या जुन्या जंगलपट्ट्यांत हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला तो त्यामुळेच.

ट्रेटवाल्याला अशक्तपणा असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, तर कारण दुसरं शोधा. पोटात जंत, आहारात लोह कमी, बाईला अंगावरून जास्त जाणं. ‘सिकल आहे ना, म्हणून रक्त कमी’ असं म्हणून अनेक बायकांच्या पंडुरोगावर वर्षानुवर्षं उपचारच होत नाहीत. याचा मला फार राग येतो.

ट्रेट सांगून कुणी महिनोन्‌महिने गोळ्या-सलाईन देत असेल तर तो खर्च थांबवा आणि सरकारी दवाखान्यात कागद दाखवा.

सांभाळायच्या गोष्टी थोड्याच आहेत. लघवी लाल झाली तर डॉक्टरांना दाखवा. पोलीस भरती किंवा सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी धावण्याचा सराव हळूहळू वाढवावा, भर उन्हात उपाशीपोटी, पाण्याविना जिवाच्या आकांताने धावू नये. लडाखसारख्या खूप उंच ठिकाणी जायचं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं. आपल्या तोरणमाळला जायला काहीच हरकत नाही.

मग वाहकाला कळवतात कशासाठी? पुढच्या पिढीसाठी. ते सहाव्या आणि सातव्या पायरीत येईल.

## ५. डिसीज असेल तर

पहिलं काम, मुलाचं नाव सरकारी दवाखान्यात सिकलसेल रुग्ण म्हणून नोंदवा. गावचं उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र तुम्हाला पुढे पाठवेल. मोठ्या तपासण्यांसाठी नंदुरबार, धुळे आणि जळगाव तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. खासगीत जायचं असेल तर जा, पण सरकारी नोंद ठेवाच. औषधं आणि पुढची सगळी प्रमाणपत्रं त्या नोंदीवर अवलंबून असतात.

डॉक्टरांना हे प्रश्न विचारा. कागदावर लिहून न्या, समोर बसल्यावर आठवत नाही.

- हायड्रॉक्सीयुरिया सुरू करायची का? कधीपासून?
- फॉलिक ॲसिड रोज किती?
- मूल पाच वर्षांच्या आतलं आहे, तर पेनिसिलिन द्यायचं का?
- न्यूमोनियाची लस आणि इतर जादा लसी कोणत्या?
- डोळे, मूत्रपिंड आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांची तपासणी कधी?

हायड्रॉक्सीयुरियाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तिच्याबद्दल भीती खूप आहे. ही गोळी शरीरात ‘एफ’ वाढवते, त्यामुळे दुखण्याचे झटके कमी होतात आणि रक्त चढवण्याची वेळही कमी येते. ती रोज घ्यायची असते आणि गुण दिसायला काही महिने जातात. महिनाभर घेतली, फरक नाही म्हणून सोडली, असं पुष्कळांचं होतं. घेत असताना ठरावीक अंतराने सीबीसी ही रक्ततपासणी करावीच लागते, कारण पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या तर डॉक्टरांना डोस बदलावा लागतो. वयात आलेल्या मुलींनी आणि लग्न झालेल्यांनी मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना सांगावं, गरोदरपणात ही गोळी चालत नाही. कॅन्सरमध्येही ही गोळी वापरतात. दुकानदाराने तसं सांगितलं म्हणून मुलाला कॅन्सर आहे असं समजू नका.

लोहाची गोळी किंवा टॉनिक मात्र आपल्या मनाने देऊ नका. सिकलसेलमध्ये रक्त कमी होतं ते पेशी फुटल्यामुळे, लोह कमी पडल्यामुळेच असं नाही. लोह तपासून डॉक्टरांनी सांगितलं तरच द्या.

घरी काय करायचं: पाणी भरपूर, थंडीत अंग झाकलेलं, पावसात भिजणं टाळायचं, नदीत-विहिरीत फार वेळ डुंबायचं नाही, उन्हात थकेपर्यंत काम नाही. दुखत असेल तर कोमट शेक चालतो. बर्फ लावू नका, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखणं वाढतं. शाळेत वर्गशिक्षकांना सांगून ठेवा की या मुलाला पाण्याची बाटली आणि लघवीला जायची मोकळीक हवी. वसतिगृहात रात्री गोधडी जास्तीची द्या.

आणि खालचं काही दिसलं तर घरी थांबू नका, भगताकडे नेण्यातही वेळ घालवू नका. देवाचं नंतर करता येतं. १०८ला फोन करा:

- ताप १०१ फॅरेनहाइटच्या वर
- छातीत दुखणं, दम लागणं
- तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोबडं बोलणं
- लहान मुलाचं पोट डाव्या बाजूला अचानक फुगणं आणि मूल पांढरंफटक पडणं. पाणथरीत रक्त साचल्याची ही खूण असते आणि यात तासांचा प्रश्न असतो
- गोळी देऊनही न थांबणारं दुखणं
- मुलग्याच्या लिंगाला ताठरता येऊन ती न उतरणं. मुलं लाजेने सांगत नाहीत, त्यांना आधीच सांगून ठेवा

लहानग्याचे हातापायाचे पंजे सुजून दुखू लागले तर तीही या आजाराची सुरुवातीची खूण असते. पुष्कळदा घरचे समजतात की पडलं असेल, मुरगळलं असेल.

दवाखान्यातून सुटताना मिळणाऱ्या कार्डावर ‘के/सी/ओ एससीडी’ असेल तर सिकलसेल डिसीजचा आधीपासून माहीत असलेला रुग्ण, असा अर्थ. ‘व्हीओसी’ म्हणजे पेशी अडकून आलेला दुखण्याचा झटका. ‘एचयू’ म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया. नवीन दवाखान्यात गेलात तर हे कार्ड आधी पुढे करा, नाहीतर सगळी चौकशी पहिल्यापासून सुरू होते.

## ६. घरातल्या सगळ्यांची तपासणी

एकाचा रिपोर्ट आला की तो एकट्याचा राहत नाही. मूल एसएस असेल तर आई आणि वडील दोघांकडूनही एस आलेला आहे. इथे मला मोठ्याने सांगावंसं वाटतं: सुनेला दोष देणं बंद करा. आमच्या भागात मूल आजारी निघालं की ‘हिच्या माहेरचं आलं’ असं म्हणतात. डिसीज व्हायला दोघांचाही वाटा लागतो, एकट्या आईकडून तो येऊच शकत नाही. मी माझ्या सासरी फळ्यावर आकृती काढून हे समजावलं आहे.

हिशेब असा:

- आई एएस, वडील एए: मूल एसएस होत नाही. प्रत्येक मूल ट्रेट असण्याची शक्यता ५० टक्के.
- आई एएस, वडील एएस: प्रत्येक मूल डिसीज असण्याची शक्यता २५ टक्के, ट्रेट असण्याची ५०, पूर्ण निरोगी असण्याची २५.
- एक एसएस, दुसरा एए: सगळी मुलं ट्रेट, डिसीज कुणालाच नाही.
- एक एसएस, दुसरा एएस: डिसीजची शक्यता ५० टक्के, ट्रेटची ५०.
- दोघे एसएस: सगळी मुलं डिसीज.

हे आकडे वाचताना एक चूक फार जण करतात. २५ टक्के म्हणजे चारांतलं एक, मग पहिलं मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं समजतात. तसं नाही. छापा-काटा दर वेळी नव्याने पडतो, तसंच प्रत्येक गरोदरपणात शक्यता नव्याने तेवढीच असते. सलग दोन मुलं एसएस झालेली घरं आहेत, आणि चारही मुलं सुटलेली घरंही आहेत.

मावश्या, आत्या, काका, चुलत-मामे भावंडं यांनाही तपासून घ्यायला सांगा, विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुलामुलींना.

## ७. लग्नाआधी आणि गरोदरपणात

लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या आधीच दोन्हीकडचे रिपोर्ट पाहा. देज (मुलीकडच्यांना द्यायची रक्कम) ठरलं, तारीख निघाली, मग रिपोर्ट काढला तर कुणीच मोकळेपणाने बोलत नाही आणि कागद लपवले जातात. मी आठवी-नववीच्या मुलींना सांगते, तुमचं एएस-एसएस तुम्हाला तुमच्या जन्मतारखेसारखं पाठ हवं.

ट्रेट असलेल्याचं लग्न होऊ नये, असं अजिबात नाही. एएसने एएशी लग्न केलं तर मुलाला डिसीजचा धोका नाही. दोघे एएस असतील आणि लग्न करायचंच असेल, किंवा आमच्यासारखं लग्नानंतर कळलं असेल, तरी मार्ग बंद होत नाही. मात्र गरोदरपणाची खबर लवकर द्या. दिवस गेल्याचं कळलं की पहिल्याच तपासणीत दोघांचे रिपोर्ट दाखवा. पोटातल्या बाळाला डिसीज आहे का, हे १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास वारेचा सूक्ष्म नमुना घेऊन किंवा नंतर १६ आठवड्यांच्या पुढे गर्भजल घेऊन तपासता येतं. ही सोय मोठ्या शहरांतल्या ठरावीक केंद्रांतच असते, तिथे पोचायला, नंबर लागायला आणि निकाल यायला वेळ जातो. पाचव्या महिन्यात सांगितलं तर हातात वेळच उरत नाही. गर्भलिंगनिदान बंदीच्या १९९४ च्या कायद्यात रक्ताच्या अशा आनुवंशिक दोषांसाठी गर्भाची तपासणी करायला परवानगी आहे, लिंग सांगायला नाही. कुणी ‘ही तपासणी बेकायदा आहे’ म्हणून घाबरवलं तर एवढं लक्षात असू द्या. पुढे काय करायचं तो निर्णय त्या बाईचा आणि तिच्या नवऱ्याचा. त्यात गावाने, नातेवाइकांनी बोलू नये.

स्वतः एसएस असलेली बाई गरोदर असेल तर बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच ठरवा, घरी नको.

## ८. प्रमाणपत्र आणि सवलती

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता मानली आहे, त्यात सिकलसेल डिसीज आहे. ट्रेट नाही. म्हणजे इथेही सगळं त्याच एका शब्दावर अडतं. रिपोर्टवर ‘ट्रेट’ असेल तर अर्जासाठी खेटे घालू नका, आणि कुणी पैसे घेऊन ‘करून देतो’ म्हणत असेल तर देऊ नका.

डिसीज असेल तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करायचा, मग ठरलेल्या दिवशी जिल्हा रुग्णालयात तपासणीला जायचं. सोबत न्या:

- एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा मूळ रिपोर्ट (सोल्युबिलिटीचा चालत नाही)
- आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट फोटो
- सगळी डिस्चार्ज कार्डं, तारखेनुसार लावलेली
- रक्त चढवल्याच्या नोंदी

शेवटच्या दोन गोष्टी लोक घरी विसरतात. दिव्यांगतेचा टक्का ठरवताना आजाराने किती त्रास दिला हे पाहतात, आणि तो त्रास कागदावर असला तरच दिसतो. बऱ्याच सवलतींना किमान ४० टक्के लागतात. आधारवरचं नाव आणि रिपोर्टवरचं नाव वेगळं असेल तर आधी ते नीट करून घ्या. ‘रविंद्र’ आणि ‘रवींद्र’ एवढ्यावरूनही परत पाठवतात.

प्रमाणपत्र हातात आल्यावर एसटीच्या आगारात प्रवास सवलतीची आणि तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेची चौकशी करा. दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ हवा असेल तर मुख्याध्यापकांकडे वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज द्या.

१ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं होतं. त्यामुळे तुमची तपासणी अजून झाली नसेल तर उपकेंद्रात जाऊन हक्काने मागा, पैसे लागत नाहीत.

## ९. ऊसतोडीला, गुजरातला जाणार असाल तर

दिवाळीनंतर आपल्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला सुरत, बारडोलीकडे जातात. मुलं सोबत असतात, गोळ्या संपतात, आणि दुखणं उभं राहिलं की तिथल्या डॉक्टरांना काहीच माहीत नसतं. निघण्याआधी आरोग्य केंद्रात सांगून जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या मागा. रिपोर्ट, सिकलसेल कार्ड आणि शेवटचं डिस्चार्ज कार्ड यांची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत घ्या, मूळ कागद गावीच ठेवा. मोबाईलमध्ये फोटो ठेवा आणि तोच फोटो मुकादमाच्या किंवा टोळीतल्या आणखी एकाच्या मोबाईलवरही पाठवा. एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत तीन गोष्टी लिहून पिशवीत ठेवा: मुलाचं नाव आणि वय, ‘सिकलसेल एसएस’, आणि चालू गोळ्यांची नावं. रक्तगटही लिहा.